मुंबईच्या नावाचा रक्तगट : दोन पानांच्या एका निबंधाची कहाणी

रक्तगट किती, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन उत्तर द्याल : चार. ए, बी, एबी आणि ओ. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तसेच दिले आहे आणि ते बरोबरही आहे. ओ गटाचा मनुष्य ‘सर्वदाता’, म्हणजे त्याचे रक्त कोणालाही चालते, हेही तुम्ही पाठ केले असेल. परंतु आपल्या महाराष्ट्रात अशी काही माणसे राहतात की ज्यांना ओ गटाचे रक्त दिले तर त्यांच्या जिवावर बेतेल. गंमत अशी, की साध्या तपासणीत या माणसांचे स्वतःचे रक्त ओ गटाचेच वाटते!

या रक्तगटाला साऱ्या जगात ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले. रक्तगटाचे नाव मात्र बॉम्बेच राहिले. टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत कोणत्याही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा शब्द ठाऊक असतो. हे नाव पडले ते १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या जेमतेम दोन पानांच्या एका शोधनिबंधामुळे. तो लिहिणाऱ्यांत पहिले नाव होते मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे यांचे. या निबंधापुढे काय काय घडले, एकाच्या कामावर दुसऱ्याने कसे काम उभारले, आणि एखाद्या शास्त्रज्ञाचे काम मोठे की लहान हे कसे ठरवायचे, याची ही कहाणी आहे.

खुंटी आणि टोपी

प्रथम रक्तगट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. १९०१ साली व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने माणसामाणसांच्या रक्तात फरक असतो असे दाखवून दिले. या कामाबद्दल त्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळल्या तर कधी त्या सुट्या राहतात, तर कधी त्यांच्या गुठळ्या होतात. पेशींच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. रक्तद्रवात परक्या खुणा ओळखणारी प्रथिने असतात, ती प्रतिपिंडे. परकी खूण दिसली की प्रतिपिंडे तिला चिकटतात आणि त्या पेशी नष्ट होऊ लागतात.

या खुणा कशाच्या बनलेल्या असतात? चक्क साखरेच्या! चहात घालतो ती साखर नव्हे, पण तिच्याच गोतावळ्यातले लहान लहान शर्करा-रेणू एकापुढे एक जोडून झालेली ती साखळी असते. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा जोडली की तयार होते त्या खुणेला एच प्रतिजन म्हणतात. ही झाली भिंतीतली खुंटी. या खुंटीवर एक प्रकारची टोपी अडकवली की ए गट होतो, दुसऱ्या प्रकारची अडकवली की बी गट. काही खुंट्यांवर पहिली आणि काहींवर दुसरी टोपी असेल तर एबी. आणि खुंट्या रिकाम्याच राहिल्या तर ओ. म्हणजे ओ गट म्हणजे ‘काहीच नाही’ असे नव्हे. तेथे रिकामी खुंटी असतेच. ओ गटाच्या पेशींवर एच प्रतिजन सर्वांत जास्त दिसतो, तो म्हणूनच.

आता कल्पना करा, एखाद्या घरात टोप्या आहेत, पण भिंतीत खुंटीच नाही. टोप्या अडकवणार कोठे? बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीवर टोपी दिसत नाही, म्हणून तो म्हणेल, ‘हे ओ गटाचे घर.’ पण ओ गटाच्या घरात निदान खुंट्या होत्या. येथे त्याही नाहीत. हाच बॉम्बे रक्तगट.

खुंटी नसण्याने त्या माणसाचे काही बिघडत नाही. तो तुमच्याआमच्यासारखाच धडधाकट असतो. अडचण येते ती रक्त घेण्याची पाळी आली तर. आपल्या आतड्यातील जिवाणूंच्या अंगावरही अशाच शर्करांच्या खुणा असतात. त्यामुळे लहानपणीच, जी खूण आपल्या शरीरात नाही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. बॉम्बे गटाच्या माणसात ए, बी आणि एच या तिन्हींच्या विरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणून ओ गटाचे रक्त दिले तरी त्यातील खुंट्या ‘परक्या’ ठरतात आणि दिलेल्या पेशी फुटू लागतात. अशा माणसाला दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचेच रक्त चालते. दुसरे कोणतेही नाही.

१९५२ सालचा निबंध

मुंबईत भेंडे व त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना असे काही नमुने आढळले, की त्यांतील पेशी कोणत्याच नेहमीच्या प्रतिपिंडाला दाद देत नव्हत्या, आणि रक्तद्रव मात्र ज्या त्या गटाच्या पेशींच्या गुठळ्या करीत होता, ओ गटाच्यासुद्धा! एखाद्याने ‘तपासणीत काही चूक झाली असेल’ असे म्हणून नमुना मोरीत ओतून दिला असता. या डॉक्टरांनी तसे केले नाही. त्यांनी या विचित्रपणाचा पाठपुरावा केला.

या कामात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील चार संशोधकांची जोड मिळाली. रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर हे त्या काळचे रक्तगटांचे मोठे जाणकार. त्यांचा रक्तगटांवरील ग्रंथ १९५० साली निघाला होता. वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे जीवरसायनशास्त्रज्ञ. या दोघांनीच १९४८ साली एच या खुणेचे वेगळेपण ओळखून तिला हे नाव दिले होते. म्हणजे पाहा, मुंबईत खुंटी नसलेली माणसे सापडली आणि लंडनमध्ये खुंटीचा अभ्यास करणारी माणसे होती. दोन्ही गोष्टी योग्य वेळी एकत्र आल्या. मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात सात जणांच्या नावाने निबंध छापून आला. त्याचे शीर्षक साधेच होते : ए-बी-ओ पद्धतीशी संबंधित एक ‘नवे’ रक्तगट-लक्षण. ‘नवे’ हा शब्दही त्यांनी अवतरणचिन्हांत घातला होता. शास्त्रज्ञ किती जपून बोलतात ते यावरून दिसते.

डॉ. भेंडे हे विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांच्या शास्त्राचे अभ्यासक. डॉ. देवधरे यांच्यासह त्यांनी लिहिलेले त्या विषयाचे पाठ्यपुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांनी वाचले. जगभर मात्र त्यांचे नाव टिकून आहे ते या दोन पानांमुळे.

एका निबंधातून दुसरा

शास्त्रज्ञ आपला निबंध लिहितो तेव्हा शेवटी एक यादी देतो. आपण आधीच्या कोणकोणाच्या कामाचा उपयोग केला, ते त्यात लिहिलेले असते. याला संदर्भ देणे म्हणतात. आपल्याकडे किराणा दुकानात उधारीची वही असते ना, तशीच ही. फरक इतकाच, की दुकानदाराचे उधार फेडून टाकायचे असते. शास्त्रातले उधार कबूल करायचे असते. तुमच्या निबंधाचा संदर्भ पुढे जितक्या जणांनी दिला, तितक्या जणांना तुमच्या कामाचा उपयोग झाला, असा ढोबळ हिशोब धरता येतो.

आपल्या दोन पानांच्या निबंधाची ही वही उघडून पाहू.

१९५५ : अमेरिकेत फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास केला. त्या कुटुंबातील एका बाईचे रक्त ओ गटासारखे वाटत होते, पण तिने आपल्या मुलीला बी गट दिलेला होता. ओ गटाच्या माणसाजवळ बी ची टोपी कोठून आली? उत्तर असे, की टोपी तिच्याजवळ होतीच, खुंटी नव्हती. मुलीला दुसरीकडून खुंटी मिळाली आणि टोपी दिसू लागली. म्हणजे खुंटीचे जनुक आणि टोपीचे जनुक वेगवेगळे, हे या कुटुंबामुळे उघड झाले.

१९५९ : वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी या साऱ्या शर्करा-साखळ्या शरीरात कोणत्या क्रमाने जोडल्या जात असाव्यात याचा आराखडा मांडला. आधी एच, मग ए किंवा बी. प्रत्येक जोडणीसाठी एक विकर लागते, आणि त्या विकराची आज्ञा एका जनुकात लिहिलेली असते. जनुक थेट शर्करा बनवीत नाही. ते शर्करा जोडणारा कारागीर बनवते. आज हे साधे वाटते, पण त्या काळी ते नवे होते. वॉटकिन्स यांनी जवळजवळ सारे आयुष्य या एकाच प्रश्नाला वाहिले. १९६९ साली त्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या. त्या आणि मॉर्गन दोघेही २००३ साली वारले. मॉर्गन तेव्हा १०२ वर्षांचे होते.

१९७४ : त्या पहिल्या निबंधातले भाटिया या विषयातच काम करीत राहिले होते. त्यांनी व साठे यांनी मुंबईतील पाहणीवरून या गटाचे प्रमाण प्रसिद्ध केले. ते सुमारे ७,६०० माणसांत एक असे निघाले. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एखादा इतके थोडे आहे. त्यामुळे हा गट प्रथम मुंबईतच सापडावा यात नवल नाही. पण सापडावा म्हणून पाहणारे डोळेही तेथे असावे लागतात, हे विसरू नका.

१९९० आणि पुढे : आता रेणवीय जीवशास्त्राचे दिवस आले होते. जनुक म्हणजे डी.एन.ए.च्या लांबलचक रेणूवर ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. तो मजकूर वाचण्याची साधने शास्त्रज्ञांच्या हाती आली होती. १९९० साली टोप्यांचे, म्हणजे ए-बी-ओ चे जनुक वाचले गेले. ते नवव्या गुणसूत्रावर असते. त्याच साली खुंटीचे जनुकही वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव एफ.यू.टी.-१, आणि ते असते एकोणिसाव्या गुणसूत्रावर. लेव्हिन यांनी पस्तीस वर्षांपूर्वी एका कुटुंबावरून जे ताडले होते, ते खरे ठरले. १९९४ साली बॉम्बे गटाच्या माणसांत हेच जनुक बिघडलेले असते असे दाखवण्यात आले, आणि १९९७ साली भारतातील माणसांत नेमका कोणता बिघाड असतो तोही कळला.

एका अक्षराची चूक

तो बिघाड ऐकून तुम्ही थक्क व्हाल. या जनुकाचा विकर बनवण्याचा मजकूर १,०९८ अक्षरांचा आहे. त्यातील ७२५ व्या जागी टी हे अक्षर असायला हवे, तेथे जी आहे. बस्स, एवढेच!

पण एका अक्षराने एवढा फरक का पडावा? थोडे गणित करू. जनुकातील मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. प्रत्येक शब्द म्हणजे एक ॲमिनो आम्ल. ७२५ ला ३ ने भागा. भागाकार २४१ आणि बाकी २. म्हणजे २४१ शब्द पूर्ण झाले आणि आपले अक्षर २४२ व्या शब्दातील दुसरे, मधले अक्षर आहे. ते बदलल्यामुळे २४२ व्या जागी ल्युसीन या ॲमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन येते. ल्युसीन पाण्यापासून दूर राहणारे, आर्जिनीन विद्युतभार असलेले आणि पाण्याकडे ओढ घेणारे. घडीच्या आत चुकीचा तुकडा बसल्यामुळे विकराचा आकारच बिघडतो आणि तो फ्युकोज जोडू शकत नाही. कारागीर पांगळा झाला की खुंटी ठोकली जात नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचा फरक. पण अर्थ केवढा बदलतो!

ज्यांच्यात हा बिघाड असतो त्या भारतीयांमध्ये शेजारचे एफ.यू.टी.-२ हे जनुकही गळलेले आढळले. ते जनुक लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर खुंट्या ठोकण्याचे काम करते. आता या वहीतली एक अनपेक्षित नोंद पाहा. २००३ साली असे आढळले, की ज्यांच्यात एफ.यू.टी.-२ काम करीत नाही त्यांना जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नॉरवॉक विषाणूची बाधा सहसा होत नाही. विषाणूला आतड्यात चिकटायला तीच खुंटी लागते! रक्तगटाच्या कोड्यातून निघालेली वाट पोटाच्या विकारापर्यंत पोचली. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत रक्ताचे नमुने तपासणाऱ्यांना हे स्वप्नातही दिसले नसेल.

तुमच्या वर्गात किती?

तुम्ही म्हणाल, मुंबईचे ठीक आहे. आमच्या जळकोटला याचे काय? एक हिशोब करून पाहू.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. खुंटीची एक प्रत जरी चांगली असली तरी खुंटी बनते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच बॉम्बे गट. मुंबईचे ७,६०० त एक हे प्रमाण धरले, तर बिघडलेल्या प्रतीचे प्रमाण त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८७ प्रतींत एक. प्रत्येक माणसाजवळ दोन प्रती. म्हणून एकच बिघडलेली प्रत बाळगणारी माणसे साधारण ४४ त एक. म्हणजे जळकोटच्या एखाद्या शाळेतील भरलेल्या वर्गात एक विद्यार्थी अशी मूक प्रत घेऊन बसलेला असू शकतो. त्याला ते ठाऊक नसते, आणि त्याने त्याचे काही बिघडतही नाही. हा हिशोब ढोबळ आहे. निरनिराळ्या भागांत आणि समाजांत प्रमाण वेगळे असते. पण अंदाज यायला तो पुरेसा आहे. एखाद्या तालुक्याची वस्ती ७६,००० असेल तर तेथे बॉम्बे गटाची दहा माणसे असावीत, असे याच हिशोबाने निघते.

आपल्या मराठवाड्यात आत्याच्या किंवा मामाच्या घरी सोयरीक करण्याची चाल जुनी आहे. जवळच्या नात्यात एकाच आजोबांची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी नातवंडांपर्यंत पोचू शकते. वरचेच प्रमाण धरून हिशोब केला, तर सख्ख्या आतेमामे भावंडांच्या लग्नातील मुलांत बॉम्बे गटाची शक्यता सुमारे सहापट होते. अशा कुटुंबात एकाचा हा गट निघाला तर त्याच्या भावंडांची तपासणी अवश्य करावी. भावंडांपैकी प्रत्येकाचा तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते. गरज पडली तर रक्त देणारा माणूस घरातच सापडू शकतो.

आणखी एक गोष्ट. आईवडील दोघेही ओ गटाचे आणि मूल बी गटाचे, असे कागदावर दिसले तर लोक भलताच संशय घेतात. पण त्यांतील एकाचा ‘ओ’ प्रत्यक्षात बॉम्बे गट असेल तर असे मूल होऊ शकते. अपुऱ्या तपासणीवरून एखाद्या बाईवर नाहक बालंट येऊ नये, एवढे तरी हे शास्त्र समजलेल्याने पाहिले पाहिजे.

मग हा गट ओळखायचा कसा? फक्त पेशींची तपासणी केली तर बॉम्बे गट ओ म्हणून खपून जातो. म्हणून रक्तपेढीत उलट तपासणीही करतात : त्या माणसाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींत मिसळून पाहतात. खऱ्या ओ गटाच्या रक्तद्रवाने त्या पेशींना काही होत नाही. बॉम्बे गटाच्या रक्तद्रवाने गुठळ्या होतात. शिवाय युलेक्स नावाच्या युरोपातील एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क एच ही खूण बरोबर ओळखतो. त्या अर्कानेही गुठळ्या झाल्या नाहीत की खात्री पटते. लातूर, उदगीर वा नांदेडला रक्त देण्यापूर्वी रुग्णाचा नमुना मागून घेतात आणि जुळवणीला वेळ लावतात, तेव्हा नातेवाईक कधी कधी रागावतात. तो वेळ कशासाठी असतो ते आता तुम्ही त्यांना समजावून सांगू शकाल.

काम मोजायचे कसे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखाद्या संशोधकाचे काम किती मोठे, हे कसे सांगायचे?

अमेरिकेतील यूजीन गारफील्ड या माहितीतज्ज्ञाने १९५५ साली एक कल्पना मांडली : सर्व निबंधांतील संदर्भ एकत्र करून, कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला याची सूची करावी. १९६४ पासून अशी सूची नियमित निघू लागली. पुस्तकाच्या मागची सूची आपल्याला मागच्या पानांकडे नेते. ही सूची पुढे नेते. १९५२ चा निबंध घ्या आणि त्याची मुलेबाळे, नातवंडे शोधा, अशी ही सोय.

पुढे लोकांनी तिचा उपयोग गुण देण्यासाठी सुरू केला. २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ काढला. (हा एच आणि खुंटीचा एच यांचा काही संबंध नाही!) समजा एखाद्या संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे १०, ८, ५, ४ आणि १ वेळा झाले आहेत. प्रत्येकी निदान चार उल्लेख असलेले निबंध चार आहेत; प्रत्येकी पाच उल्लेख असलेले पाच मात्र नाहीत. म्हणून त्याचा निर्देशांक ४.

हिशोब सुटसुटीत आहे. पण त्यात मेख आहे. ज्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला त्याचा निर्देशांक, तो निबंध हजारो वेळा उल्लेखला गेला तरी, एकच राहणार. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० पर्यंत जवळजवळ कोणीच त्याची दखल घेतली नाही. त्या चौतीस वर्षांत त्याला गुण द्यायला बसलेल्या परीक्षकाने त्याला नापासच केले असते!

दुसरी मेख. २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने सर्वाधिक उल्लेख झालेल्या शंभर निबंधांची यादी केली. पहिला क्रमांक होता १९५१ सालच्या लोरी व सहकाऱ्यांच्या निबंधाचा. उल्लेख तीन लाखांहून अधिक. त्यात काय होते? द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची एक पद्धत. डी.एन.ए.ची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा जगप्रसिद्ध निबंध या शंभरांत नव्हताच. सुताराच्या कारखान्यात पटाशी रोज हातात येते; घराचा नकाशा काढणाऱ्याची आठवण रोज होत नाही. म्हणून पटाशी मोठी आणि नकाशा लहान असे कोणी म्हणेल काय?

तिसरी मेख आपल्या कहाणीतच आहे. एखादा शोध इतका सर्वांच्या ओळखीचा होतो, की त्याचा संदर्भ देण्याची कोणाला गरजच वाटत नाही. गुरुत्वाकर्षणाचा उल्लेख करताना कोणी न्यूटनचा ग्रंथ यादीत घालत नाही. तसेच आज ‘बॉम्बे रक्तगट’ असे नुसते लिहिले की काम भागते. जगातल्या कितीतरी रक्तपेढ्यांत रोज उलट तपासणी होते, आणि तेथे भेंडे, देशपांडे, भाटिया ही नावे कोणाला आठवतही नसतील. त्यांच्या कामाचा उपयोग चालूच आहे. फक्त वहीत नोंद होत नाही.

म्हणून संख्या अगदी निरुपयोगी का? तसे नाही. शोध पुढे कसा पसरला ते पाहायला ही सूची फार कामाची आहे. मात्र तिच्यावरून माणसाची किंमत करू नये. संशोधन ज्या नियतकालिकात छापले त्याच्या आकड्यावरून न जोखता त्यातील आशयावरून जोखावे, असे आवाहन करणारा जाहीरनामा २०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथून प्रसिद्ध झाला, आणि जगातील हजारो शास्त्रज्ञांनी त्यावर सह्या केल्या.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्त-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचे केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. दुर्मीळ रक्तगटांची तपासणी तेथे होते. देशात ठिकठिकाणी बॉम्बे गटाच्या दात्यांच्या याद्याही ठेवल्या जातात. कोठे तरी एखादी बाळंतीण किंवा अपघातात सापडलेला मनुष्य रक्ताची वाट पाहत असतो. फोन जातो, आणि दूरच्या गावचा एक अनोळखी दाता रात्रीच्या गाडीने निघतो. त्या निबंधाचा खरा संदर्भ तेथे दिला जातो, असे म्हटले तर चूक होईल काय?

विचार करा, करून पाहा

१. आई बॉम्बे गटाची, पण तिच्याजवळ ए ची एक टोपी लपलेली आहे. वडील ओ गटाचे आणि त्यांच्या खुंटीच्या दोन्ही प्रती चांगल्या. मुलांचे रक्तगट कोणते असू शकतील?

२. या गटाचे प्रमाण १०,००० त एक धरले तर मूक प्रत बाळगणारी माणसे किती जणांत एक येतील? वर दिलेल्या रीतीने काढा.

३. ओ गटाला ‘सर्वदाता’ म्हणावे की नाही? वर्गात दोन बाजू करून चर्चा करा. शिक्षकांनी फळ्यावर खुंटी-टोपीचे चित्र काढून दिल्यास चर्चा रंगेल.

४. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना त्यांचा रक्तगट ठाऊक आहे का, ते विचारा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तुम्हालाही रक्तदान करता येईल. त्या वेळी तुमचे रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञाला एक प्रश्न अवश्य विचारा : ‘उलट तपासणी केलीत का?’